अणूंचे खुले पत्ते : प्रस्तावना

१९८९ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकाच्या लागोपाठच्या दोन अंकांत दोन विषाणूंच्या प्रथिनांच्या रचना प्रसिद्ध झाल्या. पहिली एचआयव्हीच्या प्रोटिएझ या विकराची होती. ती अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या संशोधकांनी शोधली होती. दुसरी लाळ-खुरकुताच्या विषाणूच्या कवचाची. ती इंग्लंडमधल्या गटाने काढली आणि त्या निबंधावर पहिले नाव भारतातून तिकडे गेलेल्या के. रवी आचार्य यांचे होते. सातारा-सांगलीत त्या वेळी या अंकांची खबर कुणाला असण्याचे कारण नव्हते. पण त्यातला एक विषाणू इथल्या गोठ्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या ओळखीचा होता, आणि दुसऱ्याने पुढच्या दहा वर्षांत सांगली-मिरजेतल्या कितीतरी घरांची वाताहत केली.

हे पुस्तक अशा रचनांविषयी आहे. प्रथिनाचा आकार कसा शोधतात, लस किंवा औषध घडवताना त्याचा काय उपयोग होतो, आणि तो आकार सगळ्या जगासाठी मोकळा ठेवला म्हणजे काय घडते, हे पुढच्या प्रकरणांत येईल. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर मी इथे जास्त बोलणार आहे, कारण पाठ्यपुस्तकांत तो येत नाही. बारावीच्या पुस्तकात प्रथिने असतात, विकरे असतात, लसीकरण असते. पण या रचना कुणी जमवल्या, कुठे ठेवल्या, आणि कऱ्हाडच्या किंवा विट्याच्या विद्यार्थ्याला त्या एक पैसाही न मोजता का मिळतात, हे कुणी सांगत नाही. विसाव्या शतकातल्या विज्ञानाने उभारलेल्या मोठ्या सार्वजनिक कामांत या संग्रहाची गणना व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आधी थोडे मूळ गोष्टीबद्दल. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. अमिनो आम्लांचे प्रकार वीस, पण साखळी शेकडो मण्यांची असू शकते. ही साखळी पेशीत सरळ राहत नाही. ती वळते, दुमडते, स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि एका ठरावीक आकारात स्थिरावते. प्रथिनाचे काम या आकारावर ठरते. विषाणूचे एखादे प्रथिन आपल्या पेशीला कुठे चिकटते, कशाचे तुकडे करते, आपली प्रतिपिंडे त्याच्या कोणत्या भागाला धरतात, हे सारे आकारात दडलेले असते. तो आकार डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही. त्यासाठी प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडतात, किंवा प्रथिन अतिथंड बर्फाच्या पातळ पापुद्र्यात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याच्या लाखो प्रतिमा घेतात. मग गणित करून प्रत्येक अणूची जागा काढतात. एकेका रचनेपायी एखाद्या विद्यार्थ्याची पीएच.डी.ची सगळी वर्षे खर्ची पडल्याची उदाहरणे ढिगाने आहेत.

एवढ्या खटाटोपातून हाती येते ती मजकुराची एक फाइल. ती उघडली तर ओळींमागून ओळी दिसतात. प्रत्येक ओळ एका अणूची. आधी अणूचा अनुक्रमांक, मग त्याचे नाव, तो कोणत्या अमिनो आम्लात आहे ते, साखळीचे अक्षर, साखळीतला क्रमांक, आणि त्यानंतर तीन आकडे, दशांश चिन्हापुढे तीन-तीन अंकांपर्यंत दिलेले. अवकाशातल्या तीन दिशांनी तो अणू नेमका कुठे आहे ते हे आकडे सांगतात. एकक अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. शेवटच्या रकान्यांत तो अणू आपल्या जागी किती स्थिर आहे याचाही अंदाज असतो. ही फाइल साध्या संगणकावर उघडते, आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली की प्रथिन पडद्यावर उभे राहते, हवे तसे फिरवता येते.

या फायलींचे घर म्हणजे प्रोटीन डेटा बँक. १९७१ मध्ये अमेरिकेतली ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि इंग्लंडमधले केंब्रिजचे स्फटिक-माहिती केंद्र यांनी मिळून ती सुरू केली, तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. आज दोन लाखांहून अधिक आहेत. अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या संस्था मिळून ती चालवतात. नावनोंदणी नाही, शुल्क नाही, अमुक कामासाठी वापरू नका अशी अट नाही. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातला विद्यार्थी जी फाइल उतरवतो, तीच एखाद्या बड्या औषध कंपनीचा रसायनशास्त्रज्ञ उतरवतो. आणि तिथे जमा होणारी प्रत्येक नवी रचना आजही रामचंद्रन आलेखावर तपासली जाते. हा आलेख जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासला मांडला होता. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळूच शकत नाही, हे त्यावरून कळते. या जागतिक संग्रहाच्या पायात आपल्या देशाचाही एक दगड आहे तो असा.

हे खुलेपण आपसूक आले नाही. सुरुवातीची कित्येक वर्षे संशोधक निबंध छापत, चित्र दाखवत, पण अणूंचे आकडे स्वतःजवळ ठेवत. त्यांच्या बाजूनेही बोलता येईल. इतक्या कष्टाने मिळवलेल्या आकड्यांवर पुढचे चार निबंध आपणच लिहावेत, असे वाटणे माणसाच्या स्वभावात बसते. पण आकडे नसले तर रचना बरोबर आहे की चूक हे दुसऱ्याला तपासता येत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या फ्रेडरिक रिचर्ड्स यांनी पुढाकार घेतला आणि त्यांच्यासह अनेक स्फटिकशास्त्रज्ञांनी सही करून मागणी केली की निबंध छापायचा तर आकडे जमा केलेच पाहिजेत. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने तसा दंडक घातला, पण वर्षभर आकडे झाकून ठेवायची मुभा दिली. नव्वदच्या दशकाअखेरीस प्रमुख नियतकालिकांनी तीही काढून घेतली. आता निबंध आणि आकडे एकदमच बाहेर येतात.

तपासणीचे महत्त्व किती, हे एचआयव्हीच्या त्याच प्रोटिएझवरून कळते. मर्कच्या रचनेत साखळीचा एक भाग चुकीचा बसवला गेला होता. काही महिन्यांतच अलेक्झांडर व्लोदावर यांच्या गटाने रसायनशाळेत कृत्रिमरीत्या बनवलेल्या प्रोटिएझचे स्फटिक करून ती चूक दुरुस्त केली आणि आकडे खुले केले. हे प्रथिन लहानसे आहे. नव्व्याण्णव अमिनो आम्लांचे दोन सारखे अर्धे भाग एकत्र येतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत विषाणूची लांबलचक प्रथिन-साखळी कापली जाते. हे कापणे थांबले तर बाहेर पडणारे विषाणू अर्धवट राहतात, कुणाला संसर्ग करू शकत नाहीत. पोकळीची मापे हाती आल्यावर तिच्यात घट्ट बसणारा रेणू कागदावर आखून मग प्रयोगशाळेत बनवणे शक्य झाले. १९९५ च्या डिसेंबरमध्ये साक्विनाव्हिरला अमेरिकेत मान्यता मिळाली, १९९६ च्या मार्चमध्ये रिटोनाव्हिर आणि इंडिनाव्हिरला. रचना ते औषध हा प्रवास सात वर्षांत झाला, आणि औषधनिर्मितीच्या मानाने हा वेग फार मोठा आहे.

त्याच वर्षांत सांगलीत काय चालले होते? १९९२ मध्ये मीना शेषू यांनी ‘संग्राम’ ही संस्था सुरू केली. गोकुळनगरसारख्या वस्त्यांतल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनी स्वतःच निरोध वाटपाचे, एकमेकींना सांभाळण्याचे काम हाती घेतले. सांगली जिल्हा तेव्हा राज्यातल्या जास्त संसर्गाच्या जिल्ह्यांत गणला जाई. तोवर औषध नव्हते असे नाही, औषध परवडत नव्हते. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचे मिश्रण दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केले. २००४ च्या एप्रिलपासून सरकारने मोफत उपचार सुरू केले. ते पहिल्या फळीचे, मुख्यतः विषाणूच्या दुसऱ्या एका विकराला अडवणारे. पहिली फळी निकामी ठरलेल्या रुग्णांसाठी प्रोटिएझवरची महाग औषधे मोफत मिळायला २००८ उजाडले, आणि महाराष्ट्रात त्यासाठी सुरुवातीला मुंबईचे जे. जे. रुग्णालयच होते. हा कालक्रम मी मुद्दाम देतो आहे. विज्ञान खुले होते, आकडे १९८९ पासून कुणालाही मिळत होते, तरी आपल्या सरकारी दवाखान्यातल्या माणसापर्यंत गोळी पोचायला एकोणीस वर्षे लागली. खुली माहिती ही पहिली पायरी आहे. पुढच्या पायऱ्या पेटंट, किंमत आणि सरकारी इच्छाशक्ती यांच्या आहेत, आणि त्या चढायला गोकुळनगरमधल्या बायकांसारखी माणसे लागतात.

आता लाळ-खुरकुताकडे येऊ. माण-खटाव, आटपाडी, जतचा खिलार बैल असो की भिलवडीच्या पट्ट्यातली दुभती म्हैस, या रोगाने कुणाला सोडलेले नाही. तोंडात फोड येतात, लाळेच्या तारा लोंबतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, जनावर वैरण खात नाही, दूध आटते. वाचलेले जनावरही पुढे उन्हात धापा टाकते, पहिल्यासारखे कामाचे राहत नाही. गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या बैलगाड्या लांबून कारखान्यांच्या तळांवर येतात, शेकडो बैल एकमेकांशेजारी बांधले जातात, आणि रोगाला रान मोकळे मिळते. म्हणून सहा-सहा महिन्यांनी लस टोचायची. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती मोफत मिळते.

ही लस जुन्या पद्धतीने बनते. जिवंत विषाणू मोठ्या टाक्यांत पेशींवर वाढवायचा आणि मग रसायनाने मारायचा. यात दोन धोके. टाकीतला विषाणू बाहेर निसटू शकतो, आणि मारलेल्या विषाणूचे कवच फार नाजूक असते. ते का नाजूक असते, हे १९८९ च्या त्या रचनेने दाखवले. हे कवच बारा पाचकोनी तुकड्यांचे असते. ऊब लागली किंवा भोवतीचा द्रव किंचित आंबट झाला की तुकडे सुटे होतात, आणि सुट्या तुकड्यांनी जनावरात नीट प्रतिकारशक्ती येत नाही. म्हणजे बर्फाच्या पेटीतला बर्फ वितळला, लस दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेली, की सुई टोचली जाते पण संरक्षण मिळत नाही. शेतकरी म्हणतो, लस टोचूनही जनावर आजारी पडले. त्याचे म्हणणे पुष्कळदा खरे असते.

ऑक्सफर्डचे डेव्हिड स्टुअर्ट १९८९ च्या निबंधातही होते. त्यांनी पिरब्राइट संस्थेतल्या सहकाऱ्यांबरोबर पुढे याच रचनेवर काम केले. कवचाचे तुकडे जिथे एकमेकांना टेकतात तिथल्या अणूंच्या जागा बघून त्यांनी एकच अमिनो आम्ल बदलले आणि तिथे सिस्टीन घातले. समोरासमोरच्या दोन सिस्टीनांमध्ये गंधकाचा बंध जुळतो आणि तुकडे एकमेकांना धरून ठेवतात. शिवाय हे कवच रिकामे आहे, त्यात विषाणूचा आरएनए नाही, म्हणजे कारखान्यात जिवंत विषाणू पाळण्याची गरजच उरत नाही. २०१३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी या पुस्तकातले लाळ-खुरकुताचे प्रकरण सगळ्यात आधी वाचावे असे मला वाटते. उद्या जतच्या उन्हात पेटी उघडणारे हात त्यांचे असणार आहेत.

पुण्याची एक गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, कारण खुल्या रचनेचा आपल्याकडे कसा उपयोग झाला याचे ते सर्वांत चांगले उदाहरण आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. डॉ. अशोक कोळसकर तिथे होते. १९९० मध्ये त्यांनी टोणगावकर यांच्यासह एक रीत प्रसिद्ध केली. प्रथिनाच्या साखळीतला कोणता तुकडा प्रतिपिंडांना जागे करील, हे केवळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून ओळखण्याची ही रीत. प्रयोगांनी आधीच सापडलेल्या अशा तुकड्यांचा त्यांनी अभ्यास केला, कोणते अमिनो आम्ल त्यांत किती वेळा येते ते मोजले, आणि सुमारे ७५ टक्के वेळा अंदाज बरोबर येईल असे सूत्र बसवले. कोळसकर–टोणगावकर रीत या नावाने ती आजही जगभर वापरली जाते. कोविडच्या काळात लसीचे उमेदवार शोधणाऱ्या शेकडो निबंधांत तिचा उल्लेख आहे.

पण प्रतिपिंड पुष्कळदा सलग तुकड्याला धरत नाही. साखळीत दूर-दूर असलेले भाग दुमडल्यावर शेजारी येतात आणि प्रतिपिंड त्या सगळ्यांना मिळून धरते. ते ओळखायला त्रिमितीय रचनाच लागते. जपानी मेंदूज्वराचा विषाणू देशात दरवर्षी मुलांचे बळी घेत होता, आणि त्याच्या कवचावरच्या मुख्य प्रथिनाची रचना कुणाकडेच नव्हती. १९९५ मध्ये युरोपातल्या एका गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूतील तशाच प्रथिनाची रचना फेलिक्स रे आणि सहकाऱ्यांनी काढली आणि ती संग्रहात जमा झाली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले. कोळसकर आणि डॉ. ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी पुण्यात बसून युरोपातल्या त्या रचनेचा आधार घेतला, तिच्यावर जपानी मेंदूज्वराच्या प्रथिनाची साखळी बेतली, आणि प्रतिपिंडे कुठे धरतील त्या जागा १९९९ मध्ये मांडल्या. या प्रथिनाची प्रत्यक्ष स्फटिकरचना अमेरिकेतून आली ती २०१२ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. २००५ मध्ये पुण्याच्या याच गटाने अशा दुमडलेल्या जागा शोधण्याची सोय सर्वांसाठी इंटरनेटवर खुली केली. जे खुले मिळाले त्यावर काम केले आणि केलेले पुन्हा खुले ठेवले. युरोपातल्या गोचिडीच्या रोगावरचे आकडे कुणी तिजोरीत ठेवले असते, तर पुण्यातल्या संशोधकांना तेव्हा काय करता आले असते?

कोविडचे साल आले तेव्हा हा सारा पाया घातलेला होता. ११ जानेवारी २०२० ला नव्या विषाणूचा जनुकीय क्रम चीनच्या झांग योंगझेन यांनी एडवर्ड होम्स यांच्यामार्फत जाहीर केला. ५ फेब्रुवारीला त्याच्या मुख्य प्रोटिएझची रचना संग्रहात खुली झाली. शांघायच्या हायताओ यांग आणि झिहे राव यांच्या गटाची, संकेतांक ६एलयू७. निबंध छापून येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी आकडे देऊन टाकले. फेब्रुवारीच्या अखेरीस टेक्सासच्या जेसन मॅक्लेलन यांच्या गटाने काढलेली स्पाइक प्रथिनाची रचना उपलब्ध झाली. २३ मार्चला सांगली जिल्ह्यात इस्लामपुरातल्या एका कुटुंबातले चार जण बाधित आढळले, आणि पुढच्या दिवसांत तो आकडा वाढत गेला. गल्ल्या बंद झाल्या, स्वॅब पुण्याला जाऊ लागले, मिरजेचे रुग्णालय सज्ज होऊ लागले. आपण सगळे घाबरलो होतो, शत्रू अदृश्य आहे असे म्हणत होतो. तेव्हा त्या विषाणूच्या दोन प्रमुख प्रथिनांतल्या अणूंचे पत्ते इस्लामपुरातल्या कुठल्याही मोबाइलवर उघडता येत होते. ही माहिती त्या आठवड्यांत कुणी मराठीत सांगितली असती, तर भीती थोडी तरी कमी झाली असती असे मला वाटते.

स्पाइकबद्दल एक बारकावा पाहू. पेशीत शिरताना हे प्रथिन आपला आकार पूर्णपणे बदलते. शिरण्याआधीच्या आकाराला धरणारी प्रतिपिंडे उपयोगाची, नंतरच्या आकाराला धरणारी बहुतेक निरुपयोगी. लसीतले प्रथिन आपोआप नंतरच्या आकारात गेले तर शरीर चुकीचे शिकते. मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच मर्स या दुसऱ्या कोरोना विषाणूवर उपाय दाखवला होता. साखळीत जिथून आकार बदलायला सुरुवात होते, तिथली दोन अमिनो आम्ले काढून प्रोलिन घालायचे. प्रोलिन ताठर असते, ते तिथे साखळीला सरळ होऊ देत नाही. नव्या विषाणूत ही जागा ९८६ आणि ९८७ क्रमांकांची निघाली. मॉडर्ना, फायझर, जॅन्सेन आणि नोव्हाव्हॅक्स या चारही लसींत हे दोन प्रोलिन आहेत. नोव्हाव्हॅक्सची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्होव्हॅक्स या नावाने बनवली.

इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की सातारा-सांगलीत बहुतेकांच्या दंडात गेलेल्या दोन लसींत हे प्रोलिन नव्हते. कोव्हिशिल्डमध्ये स्पाइकचे जनुक जवळजवळ मूळ स्वरूपात होते, आणि कोव्हॅक्सिन म्हणजे अख्खा विषाणू मारून केलेली, लाळ-खुरकुताच्या लसीसारखी जुन्या वळणाची लस. दोन्हींनी जीव वाचवले. रचनेशिवाय लस होतच नाही असा दावा हे पुस्तक करत नाही. रचना हाती असली की नेमकेपणा येतो, अंधारात चाचपडणे कमी होते, एवढेच. १६ मार्च २०२२ पासून बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना दिलेली कॉर्बेव्हॅक्स मात्र त्या नेमकेपणाचे फळ होते. तिच्यात स्पाइकचा पेशीला चिकटणारा भाग तेवढा आहे, यीस्टमध्ये वाढवलेला. तो भाग कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, एकटा वेगळा केला तर आकार टिकवतो का, हे कोरोनाकुळातल्या विषाणूंवरच्या कित्येक वर्षांच्या कामातून कळले होते. तुमच्यातल्या अनेकांनी शाळेच्या रांगेत उभे राहून घेतलेली लस तीच.

शिराळ्याचे नावही इथे येते. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात सर्पदंशावरचा प्रतिविष सिरम बनवणाऱ्या आयसेरा बायोलॉजिकल या कंपनीने सीरम इन्स्टिट्यूटच्या साहाय्याने घोड्यांना कोरोनाचे निवडक प्रतिजन टोचले, त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे वेगळी केली, आणि २०२१ मध्ये त्यांची माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. पद्धत प्रतिविषाचीच. प्रतिपिंडाचा शेपटाकडचा भाग विकराने कापून टाकायचा, म्हणजे घोड्याच्या प्रथिनाने होणारी रिअॅक्शन कमी होते, आणि विषाणूला धरणारे दोन बाहू तेवढे ठेवायचे. कुठे कापायचे हे प्रतिपिंडाच्या रचनेवरून समजते. सापांच्या विषातली प्रथिनेही या संग्रहात शेकड्यांनी आहेत. २०२५ च्या जानेवारीत डेव्हिड बेकर यांच्या गटाने नागकुळातल्या सापांच्या विषाला अडवणारी, निसर्गात नसलेली प्रथिने संगणकावर आखून उंदरांचे प्राण वाचवल्याचे प्रसिद्ध केले. पावसाळ्यात भाताच्या खाचरांत काम करणाऱ्या शिराळ्याच्या माणसाला या बातमीचे मोल दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळेल.

बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेमिस हस्साबिस आणि जॉन जंपर यांच्याबरोबर मिळाले. हस्साबिस-जंपर यांच्या आल्फाफोल्डने २०२० मध्ये अमिनो आम्लांच्या क्रमावरून आकार सांगण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला, आणि २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजी आकार खुले केले. यंत्राच्या हुशारीचे कौतुक खूप झाले. ते यंत्र शिकले कशावर, याची चर्चा कमी झाली. ते शिकले पन्नास वर्षांत हजारो प्रयोगशाळांनी जमा केलेल्या रचनांवर. एकेका रचनेला सरासरी एक लाख डॉलर खर्च येतो असा अंदाज आहे. ही रक्कम बहुतांशी करदात्यांची होती.

आपल्या भागात बळीराजा धरण आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर, बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात चळवळ करून ते बांधले, आणि पाणी जमिनीच्या मापाने न देता भूमिहीनांनाही समान वाटा ठेवला. प्रोटीन डेटा बँकेचा विचार करताना मला हेच धरण आठवते. पण ज्याच्याकडे जमीन नाही त्याने आपल्या वाट्याच्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न तिथेही होता आणि इथेही आहे. रचना खुली आहे, तिच्यावरून बनलेले औषध खुले नाही. फायझरच्या पॅक्सलोव्हिडमधला निर्माट्रेल्व्हिर हा रेणू २००३ च्या सार्सच्या वेळी सुरू केलेल्या कामातून वाढला. त्याच साली यांग आणि राव यांनी सार्सच्या प्रोटिएझची रचना खुली केली होती. तिचा फायदा साऱ्या क्षेत्राला झाला, पेटंट कंपनीचे राहिले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मेडिसिन्स पेटंट पूलशी करार होऊन भारतीय कंपन्यांना ते बनवण्याची वाट मिळाली, तोवर आपल्याकडची दुसरी लाट सरून गेली होती. म्हणून मी म्हणतो की खुल्या माहितीचा आपल्याला पुरता लाभ व्हायचा तर ती वाचणारी, तिच्यावर काम करणारी माणसे आपल्याकडे घडली पाहिजेत. इंदूरच्या इंडस-२ या यंत्रावर प्रथिन-स्फटिकांसाठी क्ष-किरणांची सोय आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे संचालक राहिलेले आणि पुढे सीएसआयआरचे महासंचालक झालेले शेखर मांडे हे क्षयाच्या जिवाणूच्या प्रथिनांवर काम करणारे, नागपुरात जन्मलेले रचना-जीवशास्त्रज्ञ आहेत. वाट मळलेली आहे. साताऱ्याहून पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटर.

पुस्तक वाचायला सुरुवात करण्यापूर्वी एक करा. मोबाइलवर किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर प्रोटीन डेटा बँकेचे संकेतस्थळ उघडा आणि ६एलयू७ हा संकेतांक टाका. कोरोनाचे मुख्य प्रोटिएझ पडद्यावर येईल. त्यात १४५ क्रमांकाचे सिस्टीन शोधा. जवळच ४१ क्रमांकाचे हिस्टिडिन दिसेल. ही दोघे मिळून विषाणूची साखळी कापतात. त्या खोबणीत शांघायच्या गटाने बसवलेला एन३ नावाचा रेणू आहे. सिस्टीनच्या गंधकाच्या अणूपासून त्या रेणूतल्या सर्वांत जवळच्या कार्बनपर्यंतचे अंतर मोजा. सुमारे १.८ अँगस्ट्रॉम येईल, म्हणजे दोघांत रासायनिक बंध जुळला आहे आणि विकर बंद पडले आहे. आता निर्माट्रेल्व्हिर बसलेली रचना शोधून तेच अंतर पुन्हा मोजा, आणि खोबणीच्या कोणत्या कोपऱ्यात दोन्ही रेणू सारखे बसतात, कुठे वेगळे, ते वहीत लिहून ठेवा. पहिले प्रकरण त्या वहीपासून सुरू होते.